साथीच्या वाद्याची कथा

परंपरा हा शब्द आपण जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्या सहजपणे तिचे वय विचारीत नाही. एखादी चाल किंवा एखादी पद्धती आपणांस कळू लागण्यापूर्वीपासून चालत आलेली असली, की ती अनादि आहे असे आपण गृहीत धरितो; आणि तिच्यात कोणी काही नवे केले, की हे आपल्या परंपरेत बसत नाही असा निकाल देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखात ज्या वादनपद्धतीचा इतिहास आम्ही मांडणार आहोत, ती आपल्या देशातली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आग्नेयेकडे ॲपलाचियन पर्वताची जी रांग पसरली आहे, तेथील डोंगरी लोकांच्या संगीतात ती वाढली. परंतु परंपरा कशी जन्मते, ती कोणाच्या नावावर जमा होते आणि कोणाचे नाव वहीतून गळते, हे त्या इतिहासात इतके स्पष्ट दिसते, की ही दूरदेशीची हकीकत आपल्याकडील संगीतप्रेमी वाचकांसही उद्बोधक वाटेल असा आमचा समज आहे.

या पद्धतीस ‘फ्लॅटपिकिंग’ म्हणतात. गिटारच्या तारा बोटांनी न छेडता, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरलेल्या चपट्या नखीने छेडावयाच्या आणि नाचाच्या द्रुत चालीतील एकेक स्वर सुटा व स्वच्छ काढावयाचा, एवढेच तिचे वर्णन थोडक्यात करिता येईल. आपल्याकडे सतारियाची नखी तर्जनीवर चढविलेली असते. ही नखी सरोदियाच्या जव्याप्रमाणे हातात धरावयाची असते. सतार शिकणारास ज्याप्रमाणे ‘दा’ आणि ‘रा’ हे उलटसुलट आघात महिनोन् महिने घोटावे लागतात, त्याप्रमाणे येथेही ठोक्यावर हात खाली आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हात वर, हा नियम शिष्याच्या अंगात मुरवावा लागतो. मध्ये एखादा स्वर गाळावयाचा असला तरी हात थांबत नाही. तो घड्याळाच्या लंबकासारखा हालतच राहतो, फक्त त्या फेरीत तारेस स्पर्श करीत नाही. लय चुकू नये याची सारी हमी या न थांबणाऱ्या हातात आहे.

हे वाचून कोणासही वाटेल, की गिटार आणि ती डोंगरी गाणी यांची जोडी पुरातन असावी. वस्तुतः तसे नाही. त्या डोंगरांतील जुनी जोडी फिडल आणि बँजो यांची. फिडल म्हणजे आपले परिचित व्हायोलिनच. ते स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनी आपल्याबरोबर आणले. बँजोचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. म्हणजे ज्या संगीतास पुढे केवळ गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचे संगीत म्हणून प्रसिद्धी मिळाली, त्याच्या मूळ जोडीतील एक वाद्य प्रथमपासूनच काळ्या लोकांच्या हातचे होते. गिटार या घरात फार उशिरा आली.

ती कशी आली हेही पाहण्याजोगे आहे. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन या गावी १७९६ साली जन्मलेला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा गिटार करणारा कारागीर. त्याच्या गावी व्हायोलिन करणारांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात मोठे भांडण जुंपले होते. गिटार करण्याचा अधिकार आपलाच, सुतारांनी ते काम करू नये, असे व्हायोलिनवाल्यांचे म्हणणे. आणि गिटार करणारे मार्टिनसारखे लोक सुतारांच्या संघातले. निकाल सुतारांच्या बाजूने लागला, तरी या कटकटीस कंटाळून मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला गेला आणि थोड्याच वर्षांत पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी त्याने आपला कारखाना थाटला. त्या वेळच्या गिटारी लहान अंगाच्या असत, त्यांवर आतड्याची तात चढविलेली असे, आणि त्यांचे स्थान मुख्यतः शहरी घरांच्या दिवाणखान्यांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शिकागोच्या सीअर्स-रोबक यांसारख्या पेढ्यांनी सचित्र याद्या छापून टपालाने माल पाठविण्याचा व्यापार वाढविला, तेव्हा स्वस्त गिटार डोंगरातल्या खेड्यापर्यंत पोहोचली.

पोहोचली खरी, पण तिला मान मिळाला नाही. नाचाच्या घोळक्यात फिडलचा आवाज चिरत जातो, बँजोचा टणत्कार दूरवर ऐकू येतो. बिचाऱ्या गिटारचा आवाज पावलांच्या धडधडाटातच विरून जाई. तेव्हा तिच्याकडे साथीचे काम आले. खर्जाच्या तारेवर एक ठोका आणि वरच्या तारांवर कॉर्डचा, म्हणजे एकत्र निनादणाऱ्या स्वरसमूहाचा, एक झणत्कार, रात्रभर एवढेच. तबलजीने नुसता ठेका धरावा आणि एकही तुकडा वाजवू नये, तशी ही स्थिती होती.

या स्थितीत पालट होण्यास तीन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे पोलादी तार. तातीपेक्षा तिचा आवाज मोठा व तीक्ष्ण. पण तिचा ताणही अधिक, म्हणून वाद्याची तबली आतून अधिक मजबूत करावी लागली. १९२० नंतरच्या दशकात मार्टिन कारखान्याने आपल्या गिटारी पोलादी तारेसाठी बांधण्यास प्रारंभ केला. दुसरी गोष्ट वाद्याचा आकार. १९१६ साली बॉस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन या पेढीकरिता मार्टिनने रुंद कमरेची एक प्रचंड गिटार घडविली आणि तिला इंग्लंडच्या १९०६ सालच्या जंगी युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ हे नाव पडले. १९३१ पासून मार्टिन ती स्वतःच्या नावाने विकू लागले, आणि १९३४ च्या सुमारास तिची दांडी लांबवून धडाबाहेर चौदा पडदे मोकळे ठेवण्यात आले. तिसरी गोष्ट म्हणजे १९२५ साली प्रचारात आलेले विद्युत्-ध्वनिमुद्रण. कर्ण्यासमोर जो दबून जाई तो गिटारचा आवाज मायक्रोफोनपुढे प्रथमच फिडलच्या बरोबरीने उभा राहिला. जॉर्जियाचा अंध गायक-वादक रायली पकेट याने ‘स्किलेट लिकर्स’ या मंडळीच्या तबकड्यांत खर्जाच्या तारांवरून ज्या धावत्या स्वरमालिका घेतल्या, त्या ऐकून साथीच्या वाद्यालाही बोलता येते हे लोकांच्या प्रथम ध्यानात आले.

यानंतरचा टप्पा एका स्त्रीचा आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर याने टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी तात्पुरते ध्वनिमुद्रणगृह उघडले. तेथे ऑगस्टच्या आरंभी व्हर्जिनियातील कार्टर कुटुंबाची तीन माणसे आली: ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सारा आणि साराची नात्यातली बहीण व जाऊ मेबेल. मेबेल त्या वेळी अवघी अठरा वर्षांची होती. ती अंगठ्याने खर्जाच्या तारांवर गाण्याची मूळ चाल काढी आणि त्याच वेळी बोटाने वरच्या तारांवर ताल धरी. म्हणजे एकाच हाताने मुख्य आणि साथ ही दोन्ही कामे उरकी. तिच्या हाती चपटी नखी नव्हती, तरी गिटारने चाल वाजवावी हा पाठ पुढच्या दोन पिढ्यांनी तिच्या तबकड्यांवरूनच घेतला.

पण या पाठशाळेची हजेरी एवढ्यावर पुरी होत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील बर्न्सव्हिल येथे १९०५ साली जन्मलेला लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन त्याचा एक पाय गेला होता. १९२८ च्या सुमारास ए. पी. कार्टरशी त्याचा परिचय झाला, आणि पुढे दोघे मिळून गाणी गोळा करीत गावोगाव हिंडले. कार्टर शब्द उतरून घेई व रिडल चाल ध्यानात ठेवी. कार्टरांच्या घरी त्याचे जाणेयेणे असे, आणि आपण त्याच्यापासून गिटार शिकलो असे मेबेलने पुढे स्वतः सांगितले आहे. मात्र कार्टर कुटुंबाच्या तबकड्यांवर रिडलचे नाव कोठेही आले नाही. १९६५ नंतर माइक सीगर याने त्याचे वादन मुद्रित केले, आणि ते संग्रहरूपाने प्रसिद्ध होण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

केंटकीतही हीच गोष्ट घडली. आर्नल्ड शुल्ट्झ (१८८६–१९३१) हा काळा खाणकामगार गिटार व फिडल या दोहोंतही निष्णात होता. बिल मन्रो या गोऱ्या मुलाने लहानपणी त्याच्यासह नाचाच्या बैठकींत वाजविले, आणि त्याचे ऋण आयुष्यभर बोलून दाखविले. शुल्ट्झची एकही तबकडी निघाली नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी १९२० नंतरच्या दशकात काळ्यांच्या तबकड्यांची यादी वेगळी आणि गोऱ्या खेडुतांच्या ‘जुन्या परिचित चालीं’ची यादी वेगळी, अशी दोन खाती उघडली होती. नाचाच्या बैठकीत आणि गावच्या ओसरीवर जे लोक एकमेकांपासून शिकत होते, ते दुकानाच्या यादीत विभक्त झाले. आणि पुढील पिढ्यांनी ती यादीच इतिहास म्हणून वाचली. तबकडीवर जे उमटले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची चूक संगीताच्या इतिहासकारांकडून किती सुलभतेने होते, याचे हे उदाहरण आहे.

हा बिल मन्रो (१९११–१९९६) पुढे ‘ब्लूग्रास’ संगीताचा जनक म्हणून मान्यता पावला. केंटकी संस्थानाच्या टोपणनावावरून त्याने आपल्या मंडळीस ‘ब्लू ग्रास बॉईज’ हे नाव दिले, आणि मंडळीचे नाव कालांतराने त्या संगीतप्रकारास पडले. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्स हा बँजोवादक तीत दाखल झाला आणि १९४६ च्या सप्टेंबरात शिकागो येथे जे ध्वनिमुद्रण झाले, त्यात या संगीताचे रूप निश्चित झाले. फिडल, बँजो व मँडोलिन ही वाद्ये आलटून पालटून पुढे येत आणि आपले कसब दाखवून मागे सरत. गिटार मात्र मागेच होती. लेस्टर फ्लॅट हा तिच्यावर ताल धरी, आणि कडवे संपता संपता खालच्या तारांवरून चढत जाणारी एक लहानशी स्वरमालिका घेई. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम पडावा तशी ती पडे. आजही ब्लूग्रासचा गिटारवादक ती शिकल्यावाचून पुढे जात नाही. पूर्णविरामाचा अधिकार मिळाला होता. वाक्य बोलण्याचा अद्याप मिळावयाचा होता.

तो ज्या माणसाने मिळवून दिला त्याचे नाव आर्थेल वॉटसन. जग त्यास डॉक वॉटसन म्हणून ओळखते. नॉर्थ कॅरोलायनातील डीप गॅप या डोंगरी वस्तीत ३ मार्च १९२३ रोजी त्याचा जन्म झाला आणि वर्षाचा होण्यापूर्वीच डोळ्यांच्या विकाराने त्याची दृष्टी गेली. अंध मुलास घरात बसवून ठेवण्याची बुद्धी त्याच्या बापास झाली नाही, हे त्याचे भाग्य. बापाने त्यास अकराव्या वर्षी स्वतःच्या हाताने बँजो करून दिला, आणि पुढे लाकडे कापण्याच्या दुहेरी करवतीचे एक टोक त्याच्या हाती दिले. चेस्टनटची लाकडे कापून मिळालेल्या पैशांतून त्या मुलाने यादीवरून टपालाने गिटार मागविली. आपणही इतरांसारखे काम करू शकतो हा विश्वास त्या करवतीने आपणांस दिला, असे तो मोठेपणी सांगत असे.

येथून पुढची हकीकत आमच्या विषयाचे मर्म होय. लग्न झाले, मुले झाली; संसार चालविण्यासाठी डॉक पियानो जुळवून देण्याची कामे करी. १९५३ च्या सुमारास तो टेनेसीतील जॉन्सन सिटीच्या बाजूच्या एका नृत्यमंडळीत विद्युत्-गिटार वाजवू लागला. ही मंडळी कंट्री व वेस्टर्न स्विंग धर्तीची गाणी वाजवी. परंतु नाचास येणाऱ्या लोकांस मधून मधून जुने चौकडीचे नाच हवे असत, आणि मंडळीत फिडलवाला नव्हता. तेव्हा फिडलच्या चाली गिटारवर काढण्याचे काम डॉककडे आले. हे काम वाटते तितके सोपे नाही. फिडलच्या तारा पंचमाच्या अंतराने जुळविलेल्या, तर गिटारच्या बहुतेक मध्यमाच्या. त्यामुळे जी चाल फिडलवर बोटांखाली आपोआप येते, ती गिटारवर वाकडीतिकडी होऊन बसते. शिवाय फिडलवाला गजाच्या एका ओढीत चार-चार स्वर गुंफून नेतो, गिटारवाल्यास मात्र प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र आघात करावा लागतो. ज्या चाली पायांना थांबू देत नाहीत अशा वेगाच्या, त्या या रीतीने वाजवावयाच्या म्हणजे त्या ‘दा-रा’ हातास किती मेहनत पडत असेल याची कल्पना सतारवाल्या वाचकांस सहज येईल. विद्युत्-गिटारची तार हलक्या हाताने वाजते, तिचा या शिकण्यात डॉकला उपयोगच झाला.

१९६० साली न्यूयॉर्कचा तरुण संगीतसंशोधक राल्फ रिन्झलर हा क्लॅरन्स ॲश्ली या जुन्या बँजोवादकाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी त्या प्रांतात आला. ॲश्लीने साथीसाठी डॉकला बोलाविले होते. डॉक आपली विद्युत्-गिटार घेऊन हजर झाला. रिन्झलरला अस्सल जुने संगीत हवे होते; विजेच्या वाद्यास त्याने साफ नकार दिला. पुढे डॉक साध्या गिटारकडे वळला, आणि मंडळीत घासून तयार झालेले ते फिडलच्या चालींचे वादन त्याने तिच्यावर आणले. १९६१ साली तो न्यूयॉर्कला गेला, १९६३ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत-महोत्सवात त्याचे वादन झाले, आणि १९६४ साली व्हॅनगार्ड कंपनीने त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. तीतील ‘ब्लॅक माउंटन रॅग’ ही फिडलची चाल गिटारवर ऐकून शहरांतील तरुण वेडे झाले. डोंगरातून शतकानुशतके चालत आलेली विद्या आज आपल्या कानी पडत आहे, असे त्यांतील कित्येकांस वाटले. चाल जुनी होती यात शंका नाही. ती वाजविण्याची रीत मात्र दहा वर्षांपूर्वी, फिडलवाला नसल्यामुळे, एका नाचाच्या मंडळीत विजेच्या गिटारवर सिद्ध झालेली होती.

डॉकच्या आधी कोणी हे केलेच नव्हते असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. डॉन रीनो याने १९५६ साली ब्लूग्रासच्या तबकडीत गिटारचे स्वतंत्र वादन घातले होते. स्टॅनली बंधूंना सिनसिनाटीच्या किंग कंपनीचा मालक सिड नेथन याने मँडोलिनऐवजी गिटार पुढे आणण्याचा आग्रह केला, आणि त्यांच्याकडे बिल नेपिअर व त्यानंतर जॉर्ज शफलर यांनी तीन तारांवरून नखी फिरवीत आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे खंड पाडणारी एक डौलदार रीत वाढविली. डॉकने या सर्व वाटा एका रस्त्यास मिळविल्या, एवढे म्हटले म्हणजे त्याचा मोठेपणा कमी होत नाही.

कॅलिफोर्नियातील एका मुलाची गोष्टही अशीच आहे. क्लॅरन्स व्हाइट (१९४४–१९७३) हा आपल्या भावांबरोबर वाजवीत असे. त्याचा थोरला भाऊ रोलंड मँडोलिन वाजवी, आणि हा गिटारवर ताल धरी. १९६१ साली रोलंडला लष्करी नोकरीवर जावे लागले आणि मंडळीत मँडोलिनची जागा रिकामी पडली. ती भरून काढता काढता क्लॅरन्सने गिटारला बोलावयास लावले. लॉस एंजेलिसच्या ‘ॲश ग्रोव्ह’मध्ये डॉकचे वादन ऐकावयास मिळाले, तेव्हा त्याची दिशा पक्की झाली. ठोका अचूक ठिकाणी न देता किंचित आधी वा नंतर देऊन तालाशी लपंडाव खेळण्याचे त्याचे कसब अपूर्व होते. १९७३ च्या जुलैत मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली सापडून तो वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्याची १९३५ सालची जुनी मार्टिन गिटार १९७५ साली टोनी राइस (१९५१–२०२०) याने शोधून विकत घेतली. नऊ वर्षांचा असताना त्याने ती क्लॅरन्सच्या हाती पाहिली होती. राइसने त्या वाद्यावर या पद्धतीस जे गांभीर्य आणले, त्यास आजचे सर्व वादक मानतात.

आता गिटारचे आसन स्थिर झाले आहे. कॅन्सस संस्थानातील विनफील्ड येथे १९७२ पासून फ्लॅटपिकिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. डॉकचा मुलगा मर्ल, जो वीस वर्षे त्याचा साथीदार होता, १९८५ साली ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ १९८८ साली नॉर्थ कॅरोलायनात मर्लफेस्ट हा महोत्सव सुरू झाला. आणि मेबेल कार्टर ब्रिस्टलला गेली त्यास नव्वद वर्षे होत असता, २०१७ साली मॉली टटल ही आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा सर्वश्रेष्ठ गिटारवादकाचा मान मिळविणारी पहिली स्त्री ठरली. ज्या कलेचा पहिला पाठ एका अठरा वर्षांच्या मुलीने दिला, तिच्यात हा मान स्त्रीस मिळण्यास एवढा काळ लागावा, याचे आम्हांस आश्चर्य वाटते; परंतु रिडल व शुल्ट्झ यांची हकीकत सांगून झाल्यावर आश्चर्य वाटावयास नको.

या साऱ्या इतिहासातून आमच्या मनावर जो ठसा उमटला तो असा, की येथे जवळजवळ प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी गैरहजेरीमुळे पडले. फिडलवाला नव्हता म्हणून डॉकने चाली गिटारवर काढल्या; मँडोलिनवाला लष्करात गेला म्हणून क्लॅरन्स पुढे आला. उणीव पाहून जे हात चालू राहिले, त्यांचे काम पुढच्या पिढीस परंपरा म्हणून मिळाले. तेव्हा आपल्याकडेही जे नवे वाद्य वा नवी रीत आपण ‘ही आपली नव्हे’ म्हणून दाराबाहेर उभी करितो, तिच्याविषयी थोडे सबुरीने बोलावे. आणि जे जुने म्हणून डोक्यावर घेतो, ते कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या बोटांनी घडले याची चौकशी एकदा तरी करावी.

डॉक वॉटसन २९ मे २०१२ रोजी वारला. त्याच्या आदल्या वर्षी बून या गावी, तरुणपणी ज्या रस्त्याच्या कडेला तो चार पैशांसाठी वाजवीत असे, तेथे त्याचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. बाकावर बसून गिटार वाजवीत असलेला असा तो पुतळा आहे. त्याच्या शेजारी कोणासही बसता यावे इतकी जागा बाकावर मोकळी ठेविली आहे. खाली काय कोरावे असे विचारिले असता, आपण लोकांपैकीच एक आहोत एवढेच लिहावे, अशी इच्छा त्याने कळविली, आणि तेवढेच तेथे कोरले आहे.